शिबं आणि त्वचेचा पोत, ओल, तेल, रंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिबं, म्हणजे अंगावर उठणारे फिके किंवा तपकिरी डाग, ही त्वचेच्या सगळ्यात सामान्य तक्रारींपैकी एक. वैद्यकीय नाव पिटिरियासिस व्हर्सिकलर. त्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत, सोप्यापासून अडचणीच्या प्रश्नांपर्यंत. घाईत असाल तर निदान प्रश्न १२ तरी वाचाच. बहुतेकांची फरफट तिथेच होते.

१. शिबं म्हणजे नेमकं काय? हे गजकर्णच आहे का?

नाही. गजकर्ण वेगळ्या बुरशीमुळे होतं. ती बुरशी त्वचेतलं केराटिन खाते, कडेने लाल होत गोल पसरते आणि दुसऱ्याला लागते. शिबं होतं मॅलासेझिया नावाच्या यीस्टमुळे, म्हणजे एकपेशीय बुरशीमुळे, आणि या यीस्टला केराटिन नाही, तेल लागतं. हे यीस्ट त्वचेच्या सगळ्यात वरच्या मृत थरात राहतं. तो थर पाठीवर किंवा दंडावर जेमतेम १० ते २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा असतो. सगळं काही तेवढ्यात घडतं. त्याखाली लागण जात नाही, रक्तात जात नाही, व्रण राहत नाही.

या आजारामागे बुरशी आहे हे १८४६ साली आइखश्टेट यांनी दाखवलं. मॅलासेझिया हे नाव १८८९ साली बेलॉन यांनी दिलं, लुई मालासे या फ्रेंच संशोधकावरून.

२. मी रोज स्वच्छ आंघोळ करते. मग हे यीस्ट माझ्या अंगावर आलं कुठून?

आलं नाही, होतंच. जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणसाच्या त्वचेवर मॅलासेझिया कायम मुक्कामाला असतं आणि बहुतेकांना त्याचा काही त्रास नसतो. एरवी ते गोल पेशींच्या रूपात असतं. उष्मा, दमटपणा, भरपूर घाम, त्वचेवरचं तेल आणि शरीराची स्वतःची ठेवण, असं सगळं जुळून आलं की त्याच पेशींना आखूड तंतू फुटतात. गोल पेशी निरुपद्रवी, तंतू फुटले की शिबं, असं ढोबळमानाने म्हणता येईल.

त्यामुळे शिबं म्हणजे अस्वच्छपणा, हा समज मनातून काढून टाका. दिवसातून दोनदा आंघोळ करणाऱ्यांनाही ते होतं. त्या समजापायी लोक अंग घासघासून लाल करून घेतात, आणि त्याने काय होतं ते प्रश्न ८ मध्ये आहे.

३. घरातल्या इतरांना लागेल का? टॉवेल वेगळा ठेवू का?

लागत नाही. टॉवेल वेगळा ठेवायची गरज नाही, जवळ जायला घाबरायचीही नाही. एकाच घरात दोघातिघांना असेल तर ते एकमेकांपासून आलेलं नसतं. त्यामागे बहुधा आनुवंशिक कल असतो.

४. पाठ, छाती, मान, दंड इथेच का? तळहातावर कधीच का नाही?

कारण मॅलासेझियाला स्वतःची मेदाम्लं, म्हणजे तेलाचे मूळ घटक, तयार करता येत नाहीत. २००७ साली मॅलासेझिया ग्लोबोसा या त्याच्या एका जातीचा जीनोम, म्हणजे सगळा जनुकसंच, वाचला गेला, तेव्हा मेदाम्लं बनवणारं जनुकच त्यात नसल्याचं दिसलं. म्हणून ते आपल्या तैलग्रंथींवर जगतं. लायपेझ नावाच्या विकरांनी त्वचेवरचं तेल फोडतं, हवी ती मेदाम्लं घेतं आणि उरलेली तिथेच सोडून देतं.

तैलग्रंथी धडाच्या वरच्या भागात भरपूर असतात, तळहात-तळपायांवर एकही नसते. वयाचंही उत्तर यातच आहे. वयात येताना या ग्रंथी जोरात काम करू लागतात, त्यामुळे शिबं मुख्यतः किशोरवयीन मुलांत आणि तरुणांत दिसतं. म्हातारपणी तेल कमी होतं, तसं शिबंही कमी होतं.

५. माझ्या छातीवर तपकिरी डाग आहेत आणि पाठीवर पांढरे. हे दोन वेगळे आजार आहेत का?

एकच आजार आहे. रंग मात्र दोन वाटांनी बदलतो.

पांढुरक्या डागात मेलॅनिन हे त्वचेचं रंगद्रव्य कमी तयार होतं. मॅलासेझिया जी द्रव्यं सोडतं, त्यातलं अझेलेइक आम्ल मेलॅनिन बनवणाऱ्या टायरोसिनेज या विकराला अडवतं. शिवाय ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून हे यीस्ट काही रंगद्रव्यं बनवतं. त्यातलं पिटिरियासिट्रिन अतिनील किरण शोषून घेतं आणि मॅलासेझिन रंगपेशींना मारक ठरू शकतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. परिणाम आरशात दिसतोच: भोवतालची त्वचा उन्हाने काळवंडते, डाग तसाच फिका राहतो. उन्हाळ्याची सुट्टी संपवून आलेल्यांना ‘अचानक उठलेले’ डाग पुष्कळदा आधीपासूनच असतात. भोवतालचा रंग गडद झाल्याने ते नजरेत भरतात, इतकंच.

तपकिरी डागांत उलट घडतं. मेलॅनिनच्या पिशव्या, म्हणजे मेलॅनोसोम, आकाराने मोठ्या झालेल्या आढळतात. गोऱ्या त्वचेवर डाग गुलाबीसरही दिसतात.

६. हे शिबंच आहे हे कसं ओळखायचं? माझ्या डागांवर कोंडा तर दिसत नाही.

कोंडा बहुतेकदा असतो, पण इतका बारीक आणि त्वचेला चिकटलेला की नुसत्या नजरेला कळत नाही, विशेषतः आंघोळ करून आल्यावर. अंग कोरडं असताना डागावरून नखाची कड हलक्या हाताने ओढा, किंवा दोन बोटांनी त्वचा ताणा. गुळगुळीत वाटणाऱ्या डागावर पिठासारखा भुरका कोंडा उठतो आणि ओढल्याची रेघ पांढरी उमटते. शेजारच्या चांगल्या त्वचेवर हेच करून पाहा, तिथे तो उठत नाही. डॉक्टरही तपासताना हेच करतात.

खात्री करायची असेल तर तो कोंडा काचपट्टीवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. त्वचेच्या पेशी विरघळत जातात आणि सूक्ष्मदर्शकाखाली गोल पेशींचे घोस आणि त्यांच्या मधे आखूड, वाकडे तंतू दिसतात. काही मिनिटांचं काम आहे, स्वस्त आहे. डाग आधीच औषधाला दाद देत नसतील तर ही तपासणी करून घ्याच. वुड्स लॅम्प या अतिनील किरणांच्या दिव्याच्या प्रकाशात काही डाग पिवळसर-सोनेरी चमकतात, पण सगळे नाही. साधारण एक तृतीयांश रुग्णांतच ही चमक दिसते. त्यामुळे डाग चमकला नाही म्हणून शिबं नाही, असा निष्कर्ष काढू नका.

७. डागावरची त्वचा तेलकट असते की कोरडी? मला दोन्ही वाटतं.

तुम्हाला बरोबर वाटतं. तेल आणि ओल या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि हा गोंधळ जवळजवळ प्रत्येकाचा होतो.

तेल ग्रंथींतून पृष्ठभागावर येतं. ओल म्हणजे मृत पेशींच्या थरात धरून ठेवलेलं पाणी. त्वचेचे गुणधर्म मोजण्याची साधी, न टोचणारी यंत्रं आहेत. एक यंत्र त्वचेतून बाष्परूपाने किती पाणी निसटतं ते मोजतं, दुसरं विजेच्या साहाय्याने वरच्या थरातली ओल मोजतं, तिसरं पृष्ठभागावरचं तेल, चौथं आम्लता. पाणी निसटण्याचा वेग निरोगी हातावर किंवा पाठीवर दर चौरस मीटरला तासाला साधारण ५ ते १० ग्रॅम असतो. यात घाम धरत नाहीत. म्हणूनच मोजण्याआधी माणसाला थंड खोलीत थोडा वेळ शांत बसवतात.

शिब्याच्या डागांवर पाणी जास्त निसटतं आणि थरातली ओल कमी भरते. म्हणजे त्वचेची भिंत तिथे थोडी विस्कटलेली असते. त्याचं कारणही यीस्टच्या खाण्यात आहे. तेल फोडून उरलेली ओलेइक आम्लासारखी मेदाम्लं पेशींमधल्या मेदाची घडी बिघडवतात, आणि तंतू त्या थरातून वाट काढतात. पेशी सुट्या होतात, त्याचा कोंडा होतो. पण ही पडझड वरवरचीच असते. इसबासारखी भेगाळलेली, ओली झालेली त्वचा शिब्यात दिसत नाही. तसं दिसत असेल तर निदान पुन्हा तपासायला हवं.

तेव्हा तेलकट पाठीवर कोरडा डाग, यात काही विसंगत नाही.

८. मग जोरात घासून, कडक साबणाने धुतलं तर यीस्ट निघून जाईल ना?

कोंडा जाईल, यीस्ट नाही. ते केसांच्या मुळाशी, रोमकूपांतही असतं आणि तिथवर घासणी पोहोचत नाही. उलट निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, साधारण ४.५ ते ५.५ (आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त). अंगाच्या साबणाच्या वड्या बहुधा ९ ते १० च्या घरात असतात. धुतल्यावर त्वचेची आम्लता काही तास ढळते, आणि आधीच विस्कटलेली भिंत आणखी कोरडी पडते. सौम्य क्लेन्झर, हाताने लावलेला, पुरेसा आहे.

लिंबू चोळण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. चोळू नका. लिंबाचा रस अंगावर असताना ऊन लागलं तर त्वचा भाजल्यासारखी होते आणि मागे काळे डाग राहतात. शिब्यापेक्षा ते जास्त दिवस टिकतात.

९. कोरडं आहे तर मॉइश्चरायझर लावू का? तेल चालेल?

मॉइश्चरायझर चालेल, तेल नको. वनस्पतिजन्य तेलांतली बहुतेक मेदाम्लं याच यीस्टचं खाद्य आहे. प्रयोगशाळेत ते वाढवायचं तर माध्यमात ऑलिव्ह तेल घालतात, यावरून काय ते समजा. अंगाला रोज तेल चोळण्याची सवय असेल आणि शिबं हटत नसेल, तर इतर काही करण्याआधी ती सवय थांबवून बघा. मिनरल ऑइल त्याचं खाद्य नाही, पण त्याचा जाड थर घाम कोंडतो.

ग्लिसरिन किंवा युरिया असलेलं, पाण्यासारखं हलकं लोशन निवडा. युरियाने कोंडाही सुटतो. प्रॉपिलीन ग्लायकॉल हे अनेक लोशनांत असणारं द्रव्य पाण्यात ५० टक्के मिसळून लावलं तर शिब्यावर औषध म्हणूनही चालतं.

‘मॅलासेझियाला चालणारी’ आणि ‘न चालणारी’ घटकद्रव्यं अशा लांबलचक याद्या फिरत असतात. त्यांना आधार आहे, कारण पॉलिसॉर्बेटसारख्या द्रव्यांवर हे यीस्ट प्रयोगशाळेत वाढतं. पण बाटलीत वाढवलेल्या यीस्टवरून पाठीवर काय होईल ते सगळं ठरत नाही. तेलं टाळा, जाड थर टाळा, बाकी यादीच्या मागे लागून झोप घालवू नका.

१०. डॉक्टरांनी केसांचा शाम्पू अंगाला लावायला सांगितला. चूक तर नाही?

चूक नाही, तोच योग्य उपचार आहे. २ टक्के केटोकोनॅझोल शाम्पू ओल्या अंगावर लावून ५ मिनिटं ठेवतात आणि धुतात, एक ते तीन दिवस. २.५ टक्के सेलेनियम सल्फाइड लोशन १० मिनिटं ठेवून धुतात, सलग ७ दिवस. झिंक पायरिथिऑनही वापरतात. डाग थोडे असतील तर क्लोट्रिमॅझोलसारखं मलम रोज, दोन ते चार आठवडे.

शाम्पूचा फायदा असा की तो सगळीकडे पोहोचतो. यीस्ट फक्त डागावर नसतं, आजूबाजूच्या स्वच्छ दिसणाऱ्या त्वचेवरही असतं. म्हणून मानेपासून मांड्यांपर्यंत लावा, पाठीसाठी घरातल्या कुणाची मदत घ्या. लावून लगेच पाणी ओतणं ही सगळ्यात नेहमीची चूक. घड्याळ लावून थांबा.

११. गोळी घेऊन एकदाचं संपवता येईल का?

डाग खूप पसरले असतील किंवा सारखे उलटत असतील तर डॉक्टर इट्राकोनॅझोल किंवा फ्लुकोनॅझोल या बुरशीविरोधी गोळ्या देतात. तोंडावाटे घेण्याचं केटोकोनॅझोल यकृताला होणाऱ्या इजेमुळे आता यासाठी देत नाहीत. टर्बिनाफिनची गोळी गजकर्णावर उत्तम चालते, शिब्यावर चालत नाही. त्याचं मलम मात्र चालतं. त्यामुळे शेजाऱ्याच्या गजकर्णाच्या उरलेल्या गोळ्या खाऊन काही साधणार नाही. इट्राकोनॅझोलचं अनेक औषधांशी जुळत नाही, म्हणून चालू असलेल्या गोळ्या डॉक्टरांना सांगा.

१२. औषधाचा पूर्ण कोर्स झाला, पण डाग तसेच आहेत. औषध बदलू का?

थांबा. आधी प्रश्न ६ मधली नखाची तपासणी करा.

कोंडा उठत नसेल, त्वचा स्पर्शाला आजूबाजूसारखीच लागत असेल, तर यीस्ट गेलं आहे आणि औषधाने त्याचं काम केलं आहे. मागे राहिला आहे तो फक्त रंग. रंगपेशींनी पुन्हा मेलॅनिन बनवायचं, ते शेजारच्या पेशींना द्यायचं, त्या पेशींनी वर सरकत पृष्ठभागापर्यंत यायचं, याला आठवडे नव्हे, काही महिने लागू शकतात. औषध वाढवून त्यात एक दिवसही वाचत नाही.

हे मी इतकं ठासून सांगतोय, कारण याच टप्प्यावर लोक हताश होतात. बरी झालेली माणसं महिनोन्‌महिने मलमं बदलत राहतात, एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जातात, मनात कोडाची भीती घेऊन. लागण गेली की नाही हे कोंड्यावरून ठरवा, रंगावरून नाही.

कोंडा उठत असेल तर मात्र लागण शिल्लक आहे. औषध सगळीकडे लागलं का, पुरेसा वेळ राहिलं का, हे पाहून पुन्हा डॉक्टरांना दाखवा.

१३. ऊन घेतल्याने रंग लवकर भरतो का?

यीस्ट गेल्यानंतर थोड्या उन्हाने रंग परतायला मदत होते. लागण असताना मात्र उन्हाने फक्त फरक ठळक होतो (प्रश्न ५). मुद्दाम भाजून घेऊ नका. सनस्क्रीन लावायचं तर जेलसारखं हलकं लावा.

१४. दरवर्षी उलटतं. माझं औषध कमी पडतं का?

औषध कमी पडत नाही. यीस्ट अंगावर राहणारच आहे, आणि तुमची त्वचा, तुमचा घाम, तुमची ठेवण बदललेली नाही. पहिल्या वर्षात सुमारे ६० टक्के आणि दुसऱ्या वर्षापर्यंत ८० टक्के जणांत शिबं उलटल्याची नोंद आहे. म्हणून उलटणाऱ्यांनी उष्म्याच्या दिवसांत महिन्यातून एकदा तोच शाम्पू अंगाला लावावा, अंगावर एकही डाग नसताना. डाग नसताना लावणं लोकांना जिवावर येतं, पण उपयोग त्याचाच आहे. जोडीला घामाचे कपडे लवकर बदलणं आणि सैल कपडे घालणं.

१५. खाज अजिबात नाही. हे चांगलं लक्षण की वाईट?

नेहमीचं लक्षण. शिब्यात दाह अगदी कमी असतो, त्यामुळे बहुतेकांना खाज नसते. घाम आल्यावर थोडं चुणचुणतं, तेवढंच. जोरदार खाज असेल तर दुसरं काहीतरी जोडीला आहे का ते तपासून घ्या.

१६. पांढरा डाग कोडाचा तर नाही? किंवा कुष्ठरोगाचा?

कोडाचा डाग खडूसारखा पांढराशुभ्र असतो, त्यावर कोंडा नसतो, आणि तो ओठ, डोळे, बोटं यांच्या आसपासही उठतो. शिब्याचा डाग फिका असतो, पूर्ण पांढरा नाही.

कुष्ठरोगाच्या फिक्या डागावर संवेदना कमी असते. डोळे मिटून कापसाची टोकदार वात डागावर आणि शेजारी टेकवून घ्या. डागावर कळत नसेल, किंवा तिथे घाम येत नसेल, केस गळाले असतील, तर विलंब न करता डॉक्टरांकडे जा. तो आजार औषधाने पूर्ण बरा होतो, उशीर मात्र परवडत नाही. शिब्यात संवेदना शाबूत असते.

१७. दुकानातून आणलेलं मलम लावलं, आधी छान वाटलं, मग दुप्पट पसरलं. असं का?

नळीवरचे घटक वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल अशी नावं असतील तर त्यात स्टिरॉइड आहे. स्टिरॉइडने लाली दबते म्हणून बरं वाटतं, पण त्वचेची स्थानिक प्रतिकारशक्तीही दबते आणि यीस्टला मोकळं रान मिळतं. भरीला त्वचा पातळ होते आणि स्टिरॉइडमुळेही फिके डाग पडू शकतात. मग मूळ आजार कोणता आणि मलमाचा परिणाम कोणता, हे तज्ज्ञालाही ओळखणं कठीण जातं. शिब्याला स्टिरॉइडची गरजच नसते.

१८. पाठीवर डाग नाहीत, पण बारीक एकसारखे खाजरे फोड आहेत. मुरमांच्या औषधाने वाढले.

हे शिबं नसेल, पण यीस्ट तेच असू शकतं. रोमकूपात शिरलेल्या मॅलासेझियामुळे असे एकसारख्या आकाराचे फोड येतात, आणि त्यांना, शिब्याच्या उलट, खाज असते. मुरमांसाठी घेतलेल्या प्रतिजैविकांनी जिवाणू कमी होतात आणि यीस्टला जागा मिळते. ब्लॅकहेड नसणं ही एक खूण. उपचार बुरशीविरोधी असतो, आणि खोलवर पोहोचण्यासाठी पुष्कळदा गोळी लागते.

१९. गरोदरपणात किंवा लहान मुलाला झालं तर?

लहान मुलांत डाग चेहऱ्यावर, कपाळावरही दिसतात आणि त्यामुळे त्यांची गालावरच्या साध्या कोरड्या फिक्या चट्ट्यांशी गल्लत होते. काचपट्टीची तपासणी इथे फार उपयोगी. गरोदरपणात गोळ्या टाळतात, डॉक्टरांच्या सल्ल्याने क्लोट्रिमॅझोल लावतात. बाळाला शिब्यामुळे काही धोका नसतो, त्यामुळे प्रसूतीनंतर उपचार केले तरी बिघडत नाही.

२०. नेहमीपेक्षा फारच पसरलंय, नेहमीच्या औषधाला दाद देत नाही. आतून काही बिघडलंय का?

बहुतेकांत काही बिघडलेलं नसतं. पण दीर्घकाळ स्टिरॉइडच्या गोळ्या, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं, कुशिंग सिंड्रोम (शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक जास्त होण्याचा आजार), कुपोषण यांत शिबं जास्त आणि चिवट होतं. शिब्यासोबत झपाट्याने वजन वाढणं, चेहरा गोल होणं, पोटावर रुंद जांभळे पट्टे उमटणं, असं काही असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. कॉर्टिसोलची तपासणी करावी लागेल. यातलं काही नसेल तर आधी काचपट्टीची तपासणी करून हे शिबंच आहे ना, ते पक्कं करून घ्या. दाद न देणाऱ्या ‘शिब्या’तलं काही मुळात शिबंच नसतं.